अमेरिकेतली लालपरी

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेल्या आईवडिलांना कधी विचारून पाहा. पहिले पंधरा दिवस भुर्रकन उडून जातात. मोठमोठी दुकानं बघा, मंदिर बघा, नदीवरचे पूल बघा. मग एक सोमवार उजाडतो. मुलगा-सून कामावर जातात, नात शाळेत जाते आणि आपण खिडकीत बसतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आपल्याच घरातली कुकरची शिट्टी ऐकून आपणच दचकतो.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी ऑरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहराजवळ, मुलाकडे गेलो. माझं तसं बरं चाललं होतं. मला स्वयंपाकघर होतं, आठ वर्षांच्या नातीची वेणी होती, सुनेशी गप्पा होत्या. हाल झाले ते ह्यांचे. चार वेळा बागेला पाणी घालून झालं, घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. पुढे काय?

आमचे हे एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत पस्तीस वर्षं बॉडी बांधायच्या कामावर होते. तिथे नुसती चासी यायची. म्हणजे चाकं, इंजिन आणि ड्रायव्हरपुरती एक बैठक. त्यावर सांगाडा उभा करायचा, ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, छप्पर, खिडक्या, बाकं बसवायची आणि अखंड बस करून फाटकाबाहेर काढायची. २०१४ साली हे निवृत्त झाले, पण आजही रस्त्यात एस.टी. दिसली की आधी तिच्या पत्र्याचा जोड बघतात, मग पाटी वाचतात.

इथे घरातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मुलगा अकरावीत असताना त्याचे नवे मित्र घरी आले होते. कोणीतरी विचारलं, ‘‘तुझे वडील काय करतात?’’ हा पटकन म्हणाला, ‘‘सरकारी नोकरीत आहेत.’’ त्या वयात एस.टी.ला सगळी पोरं ‘लाल डबा’ म्हणून हसायची. हे आतल्या खोलीतच होते. काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मुलाचे मित्र येणार असले की दोरीवर वाळत घातलेले खाकी कपडे काढून गुपचूप आत नेऊन ठेवायचे. मुलाला ते कधी कळलं नाही. मला कळत होतं. खरं तर ह्यांनी स्वतःच पोराला कधी कार्यशाळेच्या फाटकाशी नेलं नव्हतं. ‘‘त्याचे हात काळे व्हायला नकोत,’’ म्हणायचे. मुलगा शिकला, संगणकातला इंजिनियर झाला, परदेशी गेला. दोघांत भांडण कधीच नव्हतं. पण फोनवर ‘‘तब्येत कशी आहे?’’ आणि ‘‘तिकडे थंडी आहे का?’’ यापुढे गाडी जात नव्हती.

‘चुकतंय’

मुलाने एक जुना फोर्डचा पिकअप घेतला होता. पिकअप म्हणजे पुढे माणसांसाठी केबिन आणि मागे उघडा हौदा. त्या हौद्यावर झोपण्याबसण्याची खोली बसवली की तिला तिकडे कॅम्पर म्हणतात. अमेरिकेत ही हौस जुनी आहे. प्रसिद्ध लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच पिकअपवर खोली बसवून, कुत्र्याला सोबत घेऊन सारा देश हिंडले आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आमच्या चिरंजीवांनाही तेच वेड लागलं होतं. तयार कॅम्परची किंमत त्याच्या जुन्या गाडीहून जास्त होती. म्हणून तो शनिवार-रविवार गॅरेजमध्ये बसून व्हिडिओ बघत बघत स्वतःच कॅम्पर बनवायला निघाला होता.

त्याला हवा होता वर उचलणाऱ्या छपराचा कॅम्पर. गाडी चालताना छप्पर खाली बसलेलं, म्हणजे वारा अडत नाही, गाडी कलंडायची भीती कमी आणि पेट्रोलही कमी लागतं. मुक्कामाला पोचलं की छप्पर वीसेक इंच वर उचलायचं. मधल्या जागेत चारही बाजूंनी जाड कापड ताणलं जातं आणि आत माणूस सरळ उभा राहू शकतो. 

दोन शनिवार ह्यांनी खिडकीतून बघितलं. तिसऱ्या शनिवारी चहाचा कप ठेवला, चपला घातल्या आणि गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागेच होते. मुलगा लोखंडी पट्टी ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्क्रूने जोडत होता.

‘‘चुकतंय,’’ हे म्हणाले.

‘‘काय चुकतंय, बाबा?’’

‘‘लोखंड आणि ॲल्युमिनियम उघड्यावर एकमेकांना चिकटून नांदत नाहीत. पाणी लागलं की ॲल्युमिनियम सडतं. मध्ये रबराची पट्टी घाल.’’

मुलाने वर बघितलं. मग खाली बघितलं. मग म्हणाला, ‘‘तुम्ही बसता का जरा इथे?’’

त्या दिवशी दुपारी दोघं तीन वाजता जेवायला आले. 

आधी वजन, मग हौस

ह्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळं काम थांबवलं. ‘‘ही गाडी किती वजन पेलते?’’ मुलाने अंदाजाने आकडा सांगितला. ‘‘अंदाज नको.’’ तिकडच्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून गाडी किती भार घेईल, तो आकडा तिच्यावर असतो. आमच्या गाडीवर १,६४० पौंड होते, म्हणजे सुमारे ७४५ किलो. पाच माणसांचे ३०० किलो गेले. पाणी, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा मिळून १०० धरले. उरलेल्या ३४५ मध्ये हाताशी थोडे राखून ह्यांनी भिंतीवर खडूने लिहिलं, ‘३०० किलो’. त्याच्या आत सगळा कॅम्पर बसला पाहिजे.

त्या आकड्याने पुढचं सगळं ठरवलं. जाड प्लायवूड बाद झालं. चौकट ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांची, बाहेर एक मिलिमीटरचा पत्रा, आत पातळ प्लाय आणि मध्ये थंडी अडवायला फोमची लादी. लाकडी कपाटांच्या जागी सुनेने कापडी कप्पे शिवले. सगळा खोका चार साखळ्यांनी हौद्याला आवळलेला. साखळ्या सोडल्या की खोका बाहेर, पिकअप पुन्हा मोकळा.

छप्पर उचलायला चार गॅसचे दांडे आणले. मोटारीच्या डिकीचं झाकण वर धरून ठेवतात ना, तेच, जरा मोठे. किती ताकदीचे घ्यायचे, हा प्रश्न होता. जास्त ताकदीचे घेतले तर छप्पर खाली ओढता येत नाही, कमी घेतले तर उचलत नाही. छपराचं वजन ६० किलोच्या आत आणलं होतं. ह्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा मागवला, एकेक दांडा त्यावर उभा दाबून तो किती भार परत ढकलतो ते मोजलं आणि चौघांनी मिळून ५० किलो उचलावेत असा हिशेब बसवला. उरलेलं माणसाच्या हाताने. आणि वर चार लाकडी टेकू कापून ठेवले.

‘‘बाबा, दांडे असताना टेकू कशाला?’’

‘‘गॅस कधी दगा देईल सांगता येत नाही. टेकू दगा देत नाही.’’

मुलगा हसला. टेकू मात्र राहिले.

डॉली

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छप्पर तयार झालं. पत्रा चार फूट रुंदीचा मिळत होता, छप्पर अकरा फूट लांब, म्हणून दोन जागी जोड आले. ते काम मुलाने आम्ही दोघं मंदिरात गेलो असताना हौसेने उरकून टाकलं होतं. पॉप रिव्हेटची बंदूक असते, एकटा माणूस फटाफट मारत जातो. संध्याकाळी नातीने बागेतली पाण्याची नळी छपरावर धरली. पाच मिनिटांत आत टपटप सुरू झाली.

हे आत गेले, बोट फिरवून आले. ‘‘दोन चुका आहेत. एक, जोड उलटा. कौलं कशी शाकारतात? तसा पुढचा पत्रा मागच्याच्या वर यायला हवा, म्हणजे धावत्या गाडीत वारा पाणी आत ढकलत नाही. दुसरं, हा रिव्हेट पोकळ आहे, त्याच्या पोटातूनच पाणी येतं. छपराला भरीव रिव्हेट पाहिजे.’’

‘‘मग तुम्ही मारून दाखवा.’’

हे काही न बोलता घरात निघून आले.

रात्री हे अंधारात जागेच होते. मी म्हटलं, ‘‘दाखवा की पोराला.’’ तर उजवा हात माझ्यासमोर धरला. म्हणाले, ‘‘हातोडी धरली की थरथरतो.’’

मला माहीत होतं. दोन वर्षं हे चारचौघांत चहा घेत नव्हते. घरात पेला दोन्ही हातांनी धरत होते. मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. ह्यांच्या वडिलांचे हातही म्हातारपणी असेच कापायचे आणि सगळे त्याला कंपवात म्हणायचे. ह्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की आता तेच आपल्या वाट्याला आलं.

‘‘त्याला सांगा,’’ मी म्हटलं.

‘‘आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही शिकायला आलाय. त्याला हे दाखवू?’’

सकाळी मीच सांगितलं. स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. मुलगा ऐकून गप्प झाला. मग गॅरेजमध्ये गेला आणि सगळे पॉप रिव्हेट ड्रिलने उडवायला लागला. आवाज ऐकून हे बाहेर आले. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, भरीव रिव्हेटला दोन माणसं लागतात असं वाचलं. बाहेरून एक हातोडी मारतो, आतून एक जण काय धरतो?’’

‘‘डॉली.’’

‘‘ती तुम्ही धराल?’’

डॉली म्हणजे मुठीत मावेल असा लोखंडाचा वजनदार ठोकळा. बाहेरून एकाने रिव्हेटच्या डोक्यावर ठोकायचं आणि आतून दुसऱ्याने हा ठोकळा रिव्हेटच्या टोकाला घट्ट दाबून धरायचा, म्हणजे ते टोक चेपून बसतं. डॉली नुसत्या बोटांनी धरत नाहीत, सगळं अंग लावून दाबतात. तिथे थरथरणाऱ्या हाताला पाठीमागून खांद्याचं वजन मिळतं. आणि मधे पत्रा असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. सगळा कारभार आवाजावर.

पहिले दहा रिव्हेट वाकडे बसले. मग लय लागली. आतून हे ओरडायचे, ‘‘हं!’’ बाहेरून ठक ठक ठक. ‘‘बस! पुढचा.’’ दिवसभर तेच. मी लिंबाचं सरबत घेऊन गेले, तर आतून ह्यांचा आवाज येत होता. कार्यशाळेत डॉली धरायला कोणत्या जोडीदाराबरोबर कशी जोडी जमली, पहिल्या पगाराचं काय केलं, एका पावसाळ्यात गळणारी बस परत आली तेव्हा साहेब काय बोलले. मुलगा बाहेर हातोडी थांबवून ऐकत होता. तोंडासमोर तोंड आलं असतं, तर दोघांना हे बोलणं जमलं नसतं, असं मला वाटतं.

रविवारी संध्याकाळी नातीने पुन्हा नळी धरली. पंधरा मिनिटं. आत एक थेंब नाही.

रंग कोणता द्यायचा, हे नातीने विचारलं. मुलाने एका क्षणात सांगितलं, ‘‘लाल. एस.टी.चा लाल.’’ हे त्याच्याकडे बघतच राहिले. आता सगळे एस.टी.ला ‘लालपरी’ म्हणतात, हे नातीला कळल्यावर बारसंही होऊन गेलं.

सरोवराकाठी

ऑगस्टच्या शेवटी आम्ही पाचही जण निघालो. निघण्याआधी ह्यांच्या हट्टापायी हमरस्त्यावरच्या मालट्रकच्या वजनकाट्यावर सामानासकट गाडी चढवली. आधी रिकाम्या गाडीचं वजन करून ठेवलंच होतं. वजाबाकी केली, तर चिठ्ठीवरच्या आकड्याहून ४० किलो कमी. तेव्हा कुठे ह्यांनी मागे टेकून डोळे मिटले.

चारशे किलोमीटरवर क्रेटर लेक नावाचं सरोवर आहे. आपल्या लोणारची आठवण होईल असं गोल, पण लोणार उल्कापाताने झालं आणि हे ज्वालामुखीचा डोंगर सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी आत कोसळल्यामुळे. खोली ५९४ मीटर, अमेरिकेतलं सर्वांत खोल सरोवर. पाण्याचा निळा रंग असा, की नात म्हणाली, ‘‘आजी, कोणीतरी शाई सांडलीय.’’

मुक्काम जवळच्या सरकारी जंगलात. ऑगस्टमध्ये वणव्याच्या भीतीने शेकोटीला बंदी असते. पोहे बाहेरच शेगडीवर केले. बंद कॅम्परमध्ये शेगडी लावून ऊब घ्यायची नाही, हे मुलाने आम्हाला बजावून सांगितलं होतं. न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू साठतो आणि माणूस झोपेतच जातो. त्यासाठी आत एक धोक्याची घंटाही बसवली होती.

संध्याकाळी सहा हजार फुटांवर चांगलाच गारठा पडला. मुलाने छप्पर उचलायला सुरुवात केली, तर अर्ध्यावर येऊन थांबलं. थंडीत गॅस आखडतो, दांड्यांचा जोर कमी होतो. दोघांनी खालून हात लावून छप्पर वर नेलं. मुलाने मागे न बघताच हात पुढे केला आणि ह्यांनी त्या हातात टेकू दिला. कोणी काही बोललं नाही.

तेवढ्यात शेजारच्या मुक्कामावरचे एक गोरे आजोबा फिरत फिरत आले. लालपरीला प्रदक्षिणा घातली, छपराच्या जोडावर बोट फिरवलं आणि मुलाला विचारलं, हे कुठल्या कंपनीचं? कोणी बांधलं?

मुलगा इंग्रजीत म्हणाला, ‘‘माझ्या वडिलांनी. त्यांनी आयुष्यभर बसगाड्या बांधल्या. महाराष्ट्रात माझ्यासारखे लाखो लोक त्यांच्या गाड्यांत बसून शाळा-कॉलेजला गेले.’’

आजोबांनी ह्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. तो कापत होता, पण ह्यांनी मागे घेतला नाही.

रात्री मुलगा-सून बाहेर तंबूत झोपले. आम्ही दोघं आणि नात लालपरीत. कापडी खिडकी बोटभर उघडी ठेवली होती, नाहीतर श्वासाची वाफ छपराला लागून सकाळी अंगावर टपकते. त्या फटीतून एवढे तारे दिसत होते, की मी लहानपणी गावी अंगणात झोपल्यावर पाहिले असतील तेवढेच. बऱ्याच वेळाने हे हळूच म्हणाले, ‘‘काय सांगत होता गं तो त्या माणसाला?’’

‘‘तुम्ही ऐकलंत ना? तेवढं इंग्रजी कळतं तुम्हाला.’’

‘‘कळलं,’’ हे म्हणाले. ‘‘पुन्हा सांग.’’

मी पुन्हा सांगितलं.

परत आल्यावर

ऑक्टोबरअखेर आम्ही पुण्याला आलो आणि पहिल्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कागदावर गोल काढायला लावले, पाण्याचा पेला धरायला लावला, चालून दाखवायला सांगितलं. कंपवातात हात बहुधा स्वस्थ बसलेला असताना थरथरतो. ह्यांचा काम करताना थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नाही, हा वेगळा थरकाप आहे. पुष्कळदा घराण्यातून येतो, वयाबरोबर वाढू शकतो, पण गोळ्यांनी बराच आटोक्यात राहतो. जी गोष्ट दोन वर्षं लपवून ठेवली, तिचा उलगडा अर्ध्या तासात झाला. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा हात लपवला जात असेल, तर एवढं जरूर करा. विचारा.

शेजारपाजारचे फोटो बघून विचारतात, आपल्याकडे असं करता येईल का? घरच्या घरी नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणंही बेकायदा. ज्यांना हौस असेल त्यांनी आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, किंवा रीतसर नोंदणी झालेली कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे.

मागच्या दिवाळीत मुलगा आला. विमानतळावरून घरी आल्यावर म्हणाला, ‘‘उद्या महाबळेश्वरला जाऊ. टॅक्सी नको, एस.टी.ने.’’ स्वारगेटला गाडीत चढण्याआधी तो दारापाशी थांबला आणि पत्र्याच्या जोडावर बोट फिरवत राहिला. मागची रांग खोळंबली. कंडक्टर म्हणाला, ‘‘अहो, काय हरवलंय का?’’

‘‘नाही,’’ मुलगा म्हणाला, ‘‘जोड बघतोय.’’

हे मागून म्हणाले, ‘‘पुढचा पत्रा वर आहे ना? मग बस आता.’’